खानदेशचे खडक वाचणाऱ्या साहेबाने भारतातल्या बर्फाचा माग काढला होता

मे महिन्यात जळगावात कुणाला सांगून बघा, की आपल्या देशात एकेकाळी सपाटीवर बर्फ होता. समोरचा आधी विचारेल, ऊन लागलं का?

१८५६ मध्ये हेच म्हणणाऱ्यांत विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड होते. पुढे याच माणसाने तापीचं खोरं पालथं घालून खानदेशच्या खडकांचा अहवाल लिहिला.

ब्लॅनफर्ड यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३२ चा, लंडनमधला. धाकटा भाऊ हेन्री आणि ते, दोघांनी खाणशास्त्र शिकलं आणि १८५५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्यात नोकरीला आले. पहिली कामगिरी होती ओडिशातल्या तालचेर भागातला कोळसा शोधण्याची.

तिथे त्यांना एक कोडं दिसलं. अगदी बारीक गाळाच्या खडकात मोठमोठे धोंडे रुतलेले. आता धोंडे वाहून नेईल एवढा जोर पाण्याला असेल, तर बारीक गाळ तिथे बसेलच कसा? ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड यांनी उत्तर दिलं, की हे धोंडे बर्फाने आणून टाकले.

उष्ण कटिबंधात बर्फ? पटणं अवघडच होतं. पण १८७० च्या दशकात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ चुनखडकावर ओरखडे सापडले. हिमनदी दगडगोटे घासत पुढे सरकते तेव्हा पडतात, अगदी तसे. आज आपल्याला माहीत आहे, की हा बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा.

दरम्यान ब्लॅनफर्ड पश्चिम भारतात आले होते. तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवरचा त्यांचा अहवाल १८६९ मध्ये छापून आला. तेव्हा जळगाव-धुळे वेगळे नव्हते, सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. वर काळी माती आणि तापीचा गाळ, खाली लाव्हाच्या थरांवर थर. आणि सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात बाग गावाजवळ, त्या लाव्हाच्याही खाली समुद्री जीवांचे जीवाश्म! म्हणजे जिथे आज समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, तिथे एकेकाळी तो आत घुसला होता.

१८७९ मध्ये मेडलिकॉट यांच्यासोबत त्यांनी भारताच्या भूगर्भाचा मोठा ग्रंथ काढला. त्यात अजून एक धाडसी तर्क होता. हिमालयातल्या प्राण्या-वनस्पतींचे भाऊबंद दक्षिणेतल्या उंच डोंगरांवर कसे पोहोचले? मधली उष्ण सपाटी त्यांनी ओलांडली कशी? ब्लॅनफर्ड म्हणाले, अलीकडच्या हिमयुगात भारतही आजच्यापेक्षा थंड असणार.

पण तेव्हा भारत नेमका किती थंड होता, आणि पावसाचं काय झालं होतं, हे त्या काळी मोजता येत नव्हतं. १८८२ मध्ये ब्लॅनफर्ड निवृत्त झाले आणि २३ जून १९०५ ला वारले. पुढच्याच वर्षी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले.

मोजमाप आलं ते समुद्राच्या तळातून. समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. त्यातले बरेचसे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. ते मेले की त्यांची चुन्याची कवचं तळाशी थरावर थर साचत जातात. समुद्राचं पाणी किती थंड होतं आणि जगात बर्फ किती होता, याची खूण कवचातल्या ऑक्सिजनमध्ये उरते. १९५५ मध्ये, म्हणजे ब्लॅनफर्ड गेल्यावर बरोबर ५० वर्षांनी, चेझारे एमिलियानी यांनी अशा कवचांवरून हिमयुगांचे चढउतार मांडले.

अरबी समुद्राच्या गाळाने तर मान्सूनचाच हिशोब दिला. नैर्ऋत्य वारे जोरात वाहिले, की अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर येतं आणि ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात फोफावते. तिची कवचं कमी, म्हणजे वारे कमजोर. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, आपला पावसाळी मान्सून आजच्यापेक्षा कमजोर होता, असं हे थर सांगतात.

एखाद वर्षी पाऊस दगा देतो, हे खानदेशातल्या कापूसवाल्याला कुणी शिकवायला नको. पण तो हजारो वर्षंसुद्धा कमजोर राहू शकतो, हे कळायला समुद्राचा तळ उकरावा लागला. हवामान कायम असंच नव्हतं, हे मात्र ब्लॅनफर्ड यांनी हातोडी आणि डोळ्यांच्या जोरावर आधीच ओळखलं होतं.