मार्चेल्लो मालपीगी

इ. स. १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हृदयातून निघालेले रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडेच परत येते, हे सिद्ध केले. त्याच वर्षी १० मार्च रोजी इटलीतील बोलोन्या शहराजवळ, क्रेव्हालकोरे या गावी मार्चेल्लो मालपीगीचा जन्म झाला. हार्वेच्या सिद्धांतात एक दुवा राहून गेला होता. रोहिण्यांतून गेलेले रक्त नीलांमध्ये कोणत्या वाटेने शिरते, हे त्याला डोळ्यांनी पाहता आले नाही. १६५७ साली तो निवर्तला. ती वाट पुढे मालपीगीला सापडली. आणि तीही एका बेडकाच्या फुप्फुसात!

मालपीगीचे घराणे शेतीवाडी बाळगून सुखाने राहणारे होते. १६४६ साली तो बोलोन्याच्या विद्यापीठात शिकू लागला. परंतु १६४९ साली त्याचे आई, वडील व आजी ही तिन्ही माणसे काळाने हिरावून नेली. मार्चेल्लो हा थोरला मुलगा. धाकट्या भावंडांचा भार त्याच्यावर येऊन पडला. त्यातच स्बाराल्या नावाच्या शेजारच्या कुटुंबाशी शेताच्या हद्दीवरून तंटा चालू होता. तरीही १६५३ साली त्याने वैद्यकाची पदवी मिळवली. १६५६ साली पीसा येथे अध्यापक असताना बोरेल्ली या विख्यात गणितज्ञाशी त्याचा स्नेह जडला. बोरेल्ली त्याच्याहून वीस वर्षांनी वडील होता. जुन्या ग्रंथांत काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्ष काय दिसते, हे पाहण्याची सवय मालपीगीला त्याच्या सहवासात लागली.

१६५९ साली बोलोन्यास परतल्यावर त्याने फुप्फुसांचा अभ्यास हाती घेतला. फुप्फुस म्हणजे रक्त साकळून झालेला मांसाचा गोळा, असे त्या काळचे वैद्य मानीत. मालपीगीने मेलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसात रक्तवाहिनीवाटे पाणी सोडून सारे रक्त धुऊन काढले. मग त्यात हवा भरून ते वाळवले आणि भिंगाखाली धरले. तेव्हा मांसाचा गोळा कोठेच दिसेना! श्वासनलिकेच्या फांद्यांच्या टोकांशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पातळ पडद्यांचे असंख्य कोश मात्र दिसले. यांनाच आपण वायुकोश म्हणतो. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ते सरासरी ४८ कोटी असतात.

पण या कोशांच्या भिंतींतून रक्त कसे जाते? कुत्र्याच्या फुप्फुसात ते दिसेना, म्हणून तो बेडकाकडे वळला. बेडकाचे फुप्फुस साध्या, पातळ पिशवीसारखे व जवळजवळ पारदर्शक असते. किती बेडूक त्याने तपासले असतील! जगातील बेडकांचा वंशच आपण बुडवीत आणला, असे त्याने थट्टेने लिहून ठेवले आहे. जिवंत बेडकाच्या फुप्फुसात रक्ताचे सूक्ष्म ओघ वाहताना दिसले. पुढे वाळवलेले फुप्फुस उजेडासमोर धरताच रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केसाहूनही बारीक नलिकांचे जाळे स्पष्ट झाले. त्याच या केशवाहिन्या. १६६१ साली बोरेल्लीला लिहिलेल्या दोन पत्रांच्या रूपाने त्याने हा शोध जगापुढे ठेवला.

मुलांनो, इतक्या नाजूक पडद्यांपर्यंत धूळ पोहोचली तर काय होईल? म्हणून निसर्गाने वाटेवर ठिकठिकाणी पहारे ठेवले आहेत. नाकातील केस मोठे कण अडवतात. त्यातून सुटलेली धूळ श्वासनलिकेतील चिकट द्रवात अडकते. तेथील, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे केस एकसारखे हलत राहून तो द्रव घशाकडे वर लोटतात. शिंक आणि खोकला तर आपल्या परिचयाचेच आहेत. वायुकोशांत मात्र असे केस नसतात. तेथे काही फिरत्या पेशी धुळीचे कण व जंतू गिळून टाकतात. यांपैकी बरेच काही मालपीगीच्या काळी अज्ञात होते. वायुकोशांत रक्त प्राणवायू घेते, हेही त्याला ठाऊक नव्हते; ते कळण्यास आणखी शंभर वर्षे लागली.

१६६९ साली त्याने रेशमाच्या किड्यावर ग्रंथ लिहिला. या किड्याला फुप्फुसे नसतात. त्याच्या दोन्ही कुशींवर बारीक छिद्रे असून त्यांतून हवेच्या नळ्या अंगभर पसरलेल्या असतात. त्या छिद्रांच्या तोंडाशीही धूळ अडवणारी जाळी असते. मालपीगीने ही छिद्रे तेलाने बुजवून पाहिली, तेव्हा किडे गुदमरून मेले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले.

परदेशात असा मान मिळत असता घरी मात्र त्याला स्वस्थता नव्हती. १६८४ साली त्याच्या घराला आग लागून सूक्ष्मदर्शक व कित्येक कागदपत्रे जळाली. १६८९ साली त्या शेजारच्या स्बाराल्या घराण्यातीलच एका अध्यापकाने अशा सूक्ष्म निरीक्षणाचा रोग्याला काडीचाही उपयोग नाही, असा आरोप केला. जन्मभर रोग्यांची सेवा केलेल्या मालपीगीच्या तो फार जिव्हारी लागला. खरे पाहता, त्या काळी हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. कारण वायुकोश माहीत झाले तरी औषधे जुनीच होती. आज न्यूमोनियाच्या रोग्याची छाती तपासताना डॉक्टर वायुकोश पू व द्रवाने भरले आहेत काय, हेच पाहतात. मालपीगीने आरोपाला सविस्तर उत्तर लिहिले, पण ते छापलेले पाहण्यास तो उरला नाही.

१६९१ साली पोप बारावे इनोसंट यांनी त्याला आपला वैद्य म्हणून रोमला बोलावले. तेथेच १६९४ च्या नोव्हेंबरात त्याचे निधन झाले. बाल्यीव्ही या तरुण वैद्याने त्याच्या देहाचे विच्छेदन केले आणि जे दिसले ते लिहून ठेवले.