टायफॉइडचं औषध पेशंटच्या जिवावर उठलं आणि त्यातूनच सापडली डायबेटिसची गोळी!

घरात कुणाला डायबेटिस असेल तर त्यांच्या गोळ्यांची स्ट्रिप एकदा उलटी करून वाचा. एकाच गोळीत दोन नावं दिसण्याची शक्यता बरीच आहे : ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. ब्रँडच्या नावापुढे एम १, एम २ असंही लिहिलेलं असतं. यातला ‘एम’ मेटफॉर्मिनचा आणि आकडा बहुतेक वेळा ग्लिमेपिराइडच्या मिलिग्रॅमचा.

मेडिकलवाला ‘शुगरची गोळी’ म्हणून देतो, आपण पाण्याबरोबर गिळतो. पण एका गोळीत बसलेल्या या दोन औषधांचं काम वेगळं आणि धोकेही वेगळे. त्यातल्या ग्लिमेपिराइडच्या घराण्याचा शोध ज्यांच्यामुळे लागला, त्या ऑगुस्त लुबातिएर यांची ही गोष्ट.

लुबातिएर यांचा जन्म १९१२ चा, फ्रान्समधला. ते शिकले आणि पुढे आयुष्यभर रमले ते दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए या गावात. इथलं मेडिकल कॉलेज युरोपातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. स्वादुपिंड, म्हणजे पॅन्क्रियास काढून टाकल्यावर कुत्र्याच्या शरीरात काय होतं, यावर एमान्युएल एदाँ यांनी इथेच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गाजलेले प्रयोग केले होते. लुबातिएर याच परंपरेत तयार झाले. ते तरुण संशोधक झाले तोवर इन्सुलिन सापडून दहा-पंधरा वर्षंच झाली होती. डायबेटिसवर तेव्हा इन्सुलिनचं इंजेक्शन आणि पथ्य, एवढाच काय तो इलाज.

मग आलं १९४२ साल. दुसरं महायुद्ध सुरू होतं, फ्रान्समध्ये अन्नाची टंचाई होती. माँपेलिएच्या हॉस्पिटलात मार्सेल जांबाँ हे डॉक्टर टायफॉइडच्या पेशंटवर एक नवं सल्फा औषध वापरून बघत होते. पेनिसिलिन अजून सर्वसामान्यांपर्यंत पोचलं नव्हतं, त्यामुळे सगळी भिस्त सल्फावर. औषधाला धड नावही नव्हतं. २२५४ आरपी, एवढाच नंबर.

या औषधाने विचित्रच प्रकार सुरू झाला. काही पेशंटना झटके आले, काही बेशुद्ध पडले, काही तर दगावले. तपासलं तर त्यांच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरलेली. ग्लुकोज दिल्यावर माणसं शुद्धीवर येत होती. आधीच अर्धपोटी असलेल्या तापाच्या पेशंटना हे औषध झेपत नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर औषध बंद करून विषय संपवला असता. जांबाँ यांनी ही गोष्ट लुबातिएर यांच्या कानावर घातली, आणि जून १९४२ मध्ये लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले.

प्रयोग तसा सरळ होता. धडधाकट कुत्र्याला औषध दिलं, साखर उतरली. पॅन्क्रियास पूर्ण काढलेल्या कुत्र्याला तेच औषध दिलं, साखर हललीसुद्धा नाही. पॅन्क्रियासचा थोडा भाग शिल्लक ठेवला, तर परिणाम पुन्हा दिसू लागला. म्हणजे हे औषध स्वतः साखर कमी करत नव्हतं, ते पॅन्क्रियासला स्वतःचं इन्सुलिन सोडायला लावत होतं. ज्यांच्या पॅन्क्रियासमध्ये अजून थोडा दम आहे, अशा डायबेटिसच्या पेशंटना याचा उपयोग होईल, असं त्यांनी १९४६ च्या आपल्या प्रबंधात मांडलंही.

पण ऐकतो कोण? पुढची आठ-नऊ वर्षं हे काम जवळपास धूळ खात पडलं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर बर्लिनमध्ये फ्रांके आणि फुक्स हे दोन डॉक्टर कार्ब्युटामाइड नावाचं सल्फा औषध इन्फेक्शनसाठी तपासत होते. त्यांच्याही पेशंटची शुगर घसरली. त्यांनी मात्र ते थेट डायबेटिसच्या पेशंटना देऊन पाहिलं आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध केलं. मग टोल्ब्युटामाइड आलं, ग्लिबेनक्लामाइड आलं आणि सल्फोनिलयुरिया नावाचं अख्खं घराणंच उभं राहिलं. लुबातिएर यांच्या पायाभूत कामाला मान मिळाला, पण उशिरा.

१९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा डायबेटिसवरचा उपयोग जगासमोर आणला. मेटफॉर्मिन पॅन्क्रियासच्या मागे लागत नाही. ते लिव्हरमधून रक्तात येणारी साखर कमी करतं आणि असलेलं इन्सुलिन नीट वापरायला मदत करतं. एकटं घेतलं तर ते शुगर सहसा फार खाली नेत नाही.

दोन वेगळ्या वाटांनी जाणारी औषधं एकत्र का देतात, हे आता लक्षात येईल. टाइप टू डायबेटिस वर्षागणिक पुढे सरकतो. ब्रिटनमधल्या मोठ्या यूकेपीडीएस अभ्यासात तीन वर्षांनी साधारण निम्म्या पेशंटना एका औषधावर शुगर ताब्यात ठेवणं जमत नव्हतं. म्हणून जोडगोळी.

पण या जोडगोळीत लुबातिएर यांच्या कुत्र्यांनी दाखवलेला धोका तसाच बसलेला आहे. तुम्ही जेवलात की नाही, हे ग्लिमेपिराइडला कळत नाही. एकादशी आहे, प्रवासात जेवण राहिलं, उलट्या होताहेत, तरी गोळी पोटात गेली की इन्सुलिन सुटणारच. म्हणून ही गोळी जेवणाला धरून घ्यायची, आणि उपवास करायचा असेल तर डोसचं आधी डॉक्टरांना विचारायचं. घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक चिडचिड किंवा गोंधळ, आणि मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर. १५ मिनिटांनी परत तपासायचं. बरं वाटलं तरी काहीतरी खायचंच, कारण गोळीचा असर काही तास टिकतो आणि शुगर पुन्हा पडू शकते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट हॉस्पिटल.

तीन औषधांच्या गोळीत व्होग्लिबोज असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती पचवण्याची क्रियाच हे औषध मंदावतं. तिथे ग्लुकोजची पावडरच हवी. हे फार कमी घरांत माहीत असतं.

मेटफॉर्मिनची चिंता वेगळी. किडनी कमजोर असेल किंवा जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं असेल तर ते त्रासदायक ठरू शकतं, आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर बी १२ कमी होऊ शकतं. दोन डॉक्टरांकडे जात असाल तर दोन वेगळ्या ब्रँडमध्ये एकच औषध दुप्पट जात नाही ना, हेही बघा.

आणि एक योगायोग. आजही तापासाठी किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी दिलेली काही अँटिबायोटिक्स, त्यात सल्फाही आलं, ग्लिमेपिराइडसोबत घेतली तर शुगर जास्त उतरू शकते. म्हणून कुठल्याही डॉक्टरांना शुगरच्या गोळीचं नाव आधी सांगायचं.

लुबातिएर मात्र माँपेलिए सोडून कुठे गेले नाहीत. पुढे त्यांनी डायझॉक्साइडवर काम केलं. हे औषध नेमकं उलटं, इन्सुलिन सुटणं थांबवणारं. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन नको तितकं तयार होतं, त्यांना ते आजही देतात. १९७७ मध्ये लुबातिएर गेले. आपल्या स्ट्रिपवरचं ग्लिमेपिराइड बाजारात आलं ते त्यानंतर जवळपास १८ वर्षांनी.