धैर्यशालिनी डॉ. रखमाबाई

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने काही तरी लिहावे असा चिटणीसबाईंचा आग्रह. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. फणसाच्या सांदणांची कृती लिहून दिली असती तर सोपे गेले असते. पण गेल्या पावसाळ्यात वाचनालयातून आणलेल्या चरित्रातील एक बाई काही केल्या मनातून जाईना, म्हणून तिच्याविषयीच लिहिते.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत, सुतार समाजातील घरात झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन या नामांकित डॉक्टरांशी पाट लावला. त्यांच्या समाजात त्याला मनाई नव्हती. तत्पूर्वी त्यांनी नवऱ्याची मालमत्ता लेकीच्या नावे करून ठेवली होती. पुढच्या भांडणात या मालमत्तेचाही वाटा होताच.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. नवरा आठ-नऊ वर्षांनी मोठा. जावयाने सासरी राहून शिकावे असे ठरले होते, पण दादाजींचे मन शिक्षणात रमले नाही. ते मामाकडे जाऊन राहिले. त्या घरचे वळण चांगले नव्हते. रखमाबाई माहेरीच राहिल्या, मिळेल ते पुस्तक वाचू लागल्या, आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. आपल्या मंडळाच्या सभांची ती पणजीच म्हणायची!

1884 साली दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टाची वाट धरली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1885 मध्ये, न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अजाणपणी लग्न झालेल्या आणि नवऱ्याच्या घरी कधीच न नांदलेल्या मुलीला बळाने त्याच्या घरी धाडणे त्यांना रानटीपणाचे वाटले. त्याच सुमारास टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीची म्हणून निनावी पत्रे आली. बालविवाहाने मुलींच्या आयुष्याची काय माती होते ते त्यांत लिहिले होते. लिहिणाऱ्या रखमाबाईच होत्या.

दादाजींनी अपील केले. ते मान्य होऊन खटला पुन्हा उभा राहिला आणि 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला, की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग. बावीस वर्षांच्या त्या मुलीने सांगितले, तुरुंगात जाईन. हे वाचताना माझ्या हातातले निवडायचे तांदूळ तसेच राहिले. नवऱ्याशी तंटा झाला तर चार नातेवाईक जमवायलाही आपल्याला धीर होत नाही. इथे तर हायकोर्ट होते!

मग पत्रापत्रांतून वाद पेटला. लंडनच्या टाइम्समध्येही तिच्याविषयी छापून आले, आणि पंडित मॅक्स म्युलर यांनी तिची बाजू घेतली. इकडे लोकमान्य टिळक मात्र तिच्या विरुद्ध गेले. इंग्रजी शिक्षणाने मुली बिघडतात आणि धर्म बुडतो, असा त्यांच्या पक्षाचा सूर होता. टिळकांचा जन्म आपल्याच रत्नागिरीचा. टिळक आळीवरून जाताना मी नमस्कार करते आणि पुढेही करीन. मुलींची लग्ने लहानपणी होऊ नयेत असे त्यांनाही वाटे, पण त्यासाठी परक्या सरकारने कायदा करू नये हे त्यांचे म्हणणे. तरीही या एका मुलीच्या बाबतीत त्यांचे चुकले, असेच मला वाटते.

गंमत अशी, की नवऱ्याने बायकोचा ताबा मागण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच. तो इंग्रजांच्या चर्चच्या न्यायालयांतून आला. खुद्द इंग्लंडात 1884 सालीच असा निकाल न पाळण्याबद्दलचा तुरुंग बंद झाला होता. म्हणजे तिथे जे टाकून दिले, ते इथे धर्म म्हणून जपले गेले.

व्हिक्टोरिया राणीने हुकूम काढून हे लग्न मोडले असे पुष्कळजण सांगतात. पण प्रकरण मिटले ते समझोत्याने. 1888 साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहाचे बारा झाले, त्या वादातही रखमाबाईंच्या खटल्याची आठवण निघत होती.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. ईडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई 1889 साली लंडनला गेल्या आणि 1894 मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनी सुरतेस बायकांच्या इस्पितळात बावीस वर्षे काम केले, नंतर राजकोटला. वाद घालणारे वाद घालीत राहिले, या बाळंतपणे करीत राहिल्या. सुरतेच्या या कामाच्या काळातच, 1897 साली, त्या शहरात हंसा मेहता जन्मल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सर्व पुरुष असे शब्द होते, ते बदलून सर्व माणसे असे करून घेणाऱ्या त्याच. 10 डिसेंबर 1948 रोजी मंजूर झालेल्या त्या जाहीरनाम्याचे सोळावे कलम म्हणते, की वधूवरांच्या मोकळ्या व पूर्ण संमतीवाचून लग्न होऊ नये. तेव्हा रखमाबाई 84 वर्षांच्या होत्या.

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. 1904 साली दादाजी वारले, तेव्हापासून रखमाबाई विधवेसारखे पांढरे पातळ नेसू लागल्या, असे सांगतात. ज्या लग्नासाठी त्या तुरुंगात जायला निघाल्या, त्याच लग्नाचे वैधव्य त्यांनी पाळले! माझ्या सासूबाईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, बायकांचे मन बायकांनाही कळत नाही.

त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. 25 सप्टेंबर 1955 रोजी त्या निवर्तल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता. त्यात घटस्फोटाची सोय झाली. मात्र सोबत नांदण्याचा तो जुना दावाही त्याच्या नवव्या कलमात आहे, आणि तो अजून लावता येतो, बायकोलासुद्धा. तुरुंग तेवढा 1923 सालीच गेला. आता निकाल पाळला नाही तर मालमत्तेवर टाच येते.