कै. गोपाळ गणेश आगरकर

कराडनजीक टेंभू म्हणून एक लहान गांव आहे. तेथें १४ जुलै १८५६ रोजीं आगरकरांचा जन्म झाला. घरचें दारिद्र्य मोठें. तरी डेक्कन कॉलेजांत विद्या संपादून, मोठ्या पगाराचा मोह सोडून, त्यांनीं लोकशिक्षणाचें व्रत पत्करलें. १८८१ सालीं ‘केसरी’ निघाला. त्याचे ते पहिले संपादक. त्यांचे मित्र टिळक ‘मराठा’ हें इंग्रजी पत्र पाहत.

त्या सुमारास कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असा बोभाटा झाला. या मित्रांचें मन कळवळलें. दिवाण माधवराव बर्वे यांच्या नांवाचीं कांहीं पत्रें खरीं मानून त्यांनीं दिवाणांवर घोर आरोप केले. बर्वे न्यायालयांत गेले. पत्रें बनावट निघालीं. दोघांनीं माफी मागितली, पण खटला टळला नाहीं. १८८२ च्या जुलैंत त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते सुटले, तेव्हां लोकांनीं त्यांचा सत्कार केला.

हेतु शुद्ध होता, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु जो दोष शाबीत झाला नाहीं तो बर्वे यांच्या माथीं बसला, त्याची भरपाई शुद्ध हेतूनें होत नाहीं. शिवाय दुःखिताच्या कैवारासाठीं खोटा पुरावा पुढें केला, कीं विरोधकांस आयतेंच उत्तर मिळतें. त्या महाराजांना पुढें आमच्याच अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आणून ठेवलें. येथें २५ डिसेंबर १८८३ रोजीं गोऱ्या पहारेकऱ्याशीं झालेल्या झटापटींत त्या विशींतल्या राजाचा अंत झाला. त्यांचें दुःख खरें होतें; खोटीं होतीं तीं पत्रें.

आगरकरांनीं लेखणी टाकली नाहीं. १८८८ सालीं ‘सुधारक’ काढून त्यांनीं बालविवाहादि रूढींवर निर्भयपणें लिहिलें. पुण्यांत त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा निघाली, तीहि त्यांनीं सोसली. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतां १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं ३९ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ते निवर्तले.

विद्यार्थ्यांनो, आतां दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडण्यास वर्तमानपत्र लागत नाहीं; हातांतला मोबाइल पुरतो. म्हणून ज्याच्याविषयीं लिहावयाचें, त्याची बाजू आधीं ऐकावी, पुरावा पारखावा, आणि चुकल्यास मोकळ्या मनानें क्षमा मागावी. सत्याचा कैवार सत्यानेंच घ्यावा, हा बोध या थोर चरित्रापासून आपण घेऊं या.