चुकायला जागा

नाताळच्या सुट्टीत मी कमलनगरला घरी गेले, तेव्हा आमच्या ओसरीवर एक विमान पसरलेलं होतं. धड दोन स्टुलांवर, एक पंख भिंतीला टेकलेला, दुसरा बाजेवर आणि सगळे नटबोल्ट आईच्या परातीत. माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, गेले आठ महिने हे करतोय. रेडिओवर चालणारं, खरंखुरं पेट्रोल इंजिन असलेलं मॉडेल. दोन्ही पंख लावले की या टोकापासून त्या टोकापर्यंत २ मीटर ६८ सेंटिमीटर भरतात. त्यामुळे जोडून बघायचं तर ते अंगणातच न्यावं लागतं, दारातून बाहेर निघत नाही.

एवढं मोठं कशाला, असं मी विचारलं. त्यावर कळलं की हे माप दादानं मनानं ठरवलेलं नाही. ज्या विमानाचं हे मॉडेल आहे, त्याच्या पंखांची लांबी १०.७२ मीटर होती आणि हा त्याचा बरोबर चौथा हिस्सा आहे. त्या विमानाचं नाव एचटी-२. भारतात आराखडा काढून भारतातच ज्याचं उत्पादन झालं, असं हे पहिलं विमान. ज्यांच्या हाताखाली ते तयार झालं ते डॉ. विष्णू माधव घाटगे मराठी होते. विमानांच्या जगात हे मोठं नाव आहे. मला मात्र ते माहीत नव्हतं, आणि वर्गात विचारलं तर फारसं कुणालाच नसेल. म्हणून या अंकासाठी त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं. मधेमधे दादाचं विमान येईल, कारण ते समोर नसतं तर घाटगे मला समजले नसते.

घाटगे यांचा जन्म १९०८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातला. म्हणजे आमच्यासारखाच सीमेवरचा मुलूख, जिथं बाजारात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकू येतात. राइट बंधूंनी इंजिनाचं विमान उडवून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. मुंबईत शिक्षण झाल्यावर १९३० च्या दशकात ते जर्मनीला गॉटिंगनला गेले. तिथं त्यांना गुरू भेटले ते लुडविग प्रांटल. हवेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला आजचं रूप ज्यांनी दिलं त्यांच्यात प्रांटल यांचं नाव पहिल्या काहींत घ्यावं लागतं. जर्मनीत तो काळ हिटलरच्या उदयाचा. गॉटिंगनच्या विद्यापीठातले मोठमोठे ज्यू प्राध्यापक एकेक करून काढले जात होते. अशा शहरात राहून घाटगे यांनी डॉक्टरेट पूर्ण केली.

प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडलेली गोष्ट मला दादानं घरातल्या पंख्यावरून समजावली. पंखा दिवसभर गरगर फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ बसलेली असते. एवढ्या वाऱ्यात ती उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी लगटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरत असते. पात्याच्या मानानं ती जागची हलतच नाही. त्या पातळ थराच्या वर मात्र हवा सरकत असते. विमानाच्या पंखावरही असाच थर असतो. तो पंखाला चिकटून राहिला तर विमान हवेत तोललं जातं. तो सुटला की पंख विमानाला पेलू शकत नाही आणि विमान खाली येऊ लागतं. एवढ्याशा थरावर माणसांचे जीव टांगलेले असतात.

हा थर लहान मॉडेलवर आणि मोठ्या विमानावर सारखा वागत नाही. वजनाचंही तसंच. माप चौपट केलं की पंखाचं क्षेत्रफळ सोळापट होतं, पण वजन चौसष्टपट. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली या शास्त्रज्ञाला हे फार महागात पडलं. खऱ्या विमानाच्या चौथ्या हिश्श्याचं, पेट्रोल इंजिनाचं मॉडेल त्यांनी आधी बांधलं आणि १९०१ च्या जूनमध्ये ते माणसाशिवाय उडालंही. म्हणजे दादा आज ओसरीवर जे करतोय, त्याचा हा मूळपुरुषच म्हणायचा. (रेडिओ मात्र तेव्हा नव्हता, सोडलं की सोडलं.) पुढं त्याच धर्तीवर लँग्लींनी माणूस बसेल एवढं विमान केलं. ते १९०३ च्या ७ ऑक्टोबरला नदीत पडलं आणि ८ डिसेंबरला पुन्हा पडलं. त्यानंतर नवव्या दिवशी राइट बंधू उडाले. मॉडेल खोटं बोललं नव्हतं. त्याला जेवढं माहीत होतं तेवढंच त्यानं सांगितलं होतं. बाकीचं माणसानं हिशेब करून, तपासून शोधायचं असतं. गॉटिंगनला प्रांटल यांनी मॉडेलवर वारा सोडून मोजमाप करण्याची बोगदी उभारली होती, ती त्यासाठीच. तिथं मॉडेल कोसळलं तर कागदावर एक आकडा बदलतो, कुणाच्या घरी रडारड होत नाही.

घाटगे परत आले तेव्हा हे ज्ञान वापरायला भारतात विमानाचा एकही कारखाना नव्हता. तो काढला आमच्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू झाली आणि घाटगे तिथं दाखल झाले. सुरुवातीचं काम होतं जोडणीचं. अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांतून हार्लो जातीचं शिकाऊ विमान तिथं जोडलं गेलं आणि १९४१ मध्ये ते उडालं. दुसऱ्यानं काढलेला आराखडा, दुसऱ्यानं केलेले भाग, आपण फक्त जोडायचे. यात कमीपणा वाटू शकतो. पण दादाच्या शेजारी आठ दिवस बसल्यावर मला वाटतं, जोडता जोडता प्रत्येक भाग तिथंच का आहे हे हाताला कळत जातं. युद्धाच्या त्या धामधुमीतच घाटगे यांनी स्वतःचा आराखडा काढला. ते दहा जणांचं, इंजिन नसलेलं ग्लायडर होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती मला विमानाइतकीच मोठी वाटते. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची सुरुवातीची धुरा घाटगे यांच्याकडं होती. जगात बॉम्ब पडत होते, कारखान्यात अमेरिकी सैन्याच्या विमानांची दुरुस्ती चालू होती, आणि त्याच शहरात हा माणूस फळ्यावर गणितं मांडून पोरांना शिकवत होता.

स्वातंत्र्यानंतर पहिलं स्वतःचं विमान करायची वेळ आली. नव्या देशानं आधी लढाऊ विमान मागितलं असतं तर नवल नव्हतं. मागितलं ते शिकाऊ विमान, कारण वैमानिकच नसतील तर लढाऊ विमानं चालवणार कोण? ५ ऑगस्ट १९५१ ला एचटी-२ पहिल्यांदा आकाशात गेलं. अंगानं धातूचं, पंख खालच्या बाजूला, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढं दोन चाकं आणि शेपटीखाली एक छोटं चाक. भरलेलं वजन सुमारे एक हजार किलो. आत एकामागं एक दोन जागा आणि दोन्हीकडं चालवायचे दांडे. एका जागेवर शिकणारा, दुसऱ्या जागेवर शिकवणारा.

हे दोन दांडे मला फार आवडले. शिकणारा चुकणार हे आराखड्यातच धरलेलं आहे. त्याची चूक लपत नाही, पण ती शेवटचीही ठरत नाही, कारण दुसरा दांडा कुणाच्या तरी हातात असतो. एचटी-२ काही लाड करणारं विमान नव्हतं. शेपटीला चाक असलेल्या विमानात वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागं असतो. त्यामुळे उतरताना जरा दुर्लक्ष झालं की विमान शेपूट पुढं घ्यायला बघतं. धावपट्टीवर थांबेपर्यंत पायांनी सुकाणू सांभाळावं लागतं. अशी सुमारे १७० विमानं बंगळूरला तयार झाली. आपल्या हवाई दलात ती तीन दशकांहून जास्त राहिली. आफ्रिकेतल्या घानानं आपलं हवाई दल उभारलं, तेव्हा त्यांनीही ती घेतली. जे पुढं लढाऊ विमानं उडवून नावाजले गेले, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पहिली चूक एचटी-२ मध्ये केली असेल.

पुढं हलकं पुष्पक आलं, मग कृषक. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला घाटगे यांच्या नेतृत्वाखाली जेट इंजिनाच्या शिकाऊ विमानाचं काम सुरू झालं आणि ४ सप्टेंबर १९६४ ला ते उडालं. त्याचं नाव किरण. इथं मात्र आमच्याकडचे लोक मान वर करतील! कारण १९९६ मध्ये हवाई दलाचं जे सूर्यकिरण पथक तयार झालं, ज्याची नऊ विमानं एकमेकांच्या पंखाशी पंख लावून कसरती करत, ते बिदरचं. ती नऊ विमानं किरणच होती. आता त्या पथकाकडं दुसरी विमानं आहेत. पण आमच्या वडिलांच्या वयाची माणसं अजून किरणचा आवाज तोंडानं काढून दाखवतात. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आराखडा मराठी बोलणाऱ्या माणसानं केलाय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी यावेळी सांगत सुटले.

१९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले. बंगळूरला त्यांच्या नावाचं सभागृह आहे. त्यांच्या आयुष्याकडं एकत्र पाहिलं तर एक धागा दिसतो. प्रयोगाचा बोगदा, शिकवायचा वर्ग, दोन दांड्यांचं विमान. या सगळ्या चुकायच्या जागा आहेत. इथं चुका, म्हणजे पुढं जिथं चुकून चालणार नाही तिथं चुकणार नाही.

दादाला हे माझ्याआधी कळलंय, आणि फार वाईट रीतीनं. दोन वर्षांपूर्वी त्याचं लहान, बॅटरीवरचं विमान होतं. पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात, त्या त्यानं उलट जोडल्या होत्या. तपासायचं राहून गेलं. उजवीकडं वळवलं की विमान डावीकडं जाई, आणि घाबरून त्यानं आणखी उजवीकडं दाबलं. विमान तुरीच्या शेतात जाऊन आदळलं. तिथं थोड्या वेळापूर्वीच बायका तूर कापत होत्या. त्या बांधावर जेवायला बसल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यातली एक माझी मावशी, म्हणजे त्याची आई. त्यानंतर वर्षभर त्यानं विमानाला हात लावला नाही.

आताचं विमान ११ किलोचं आहे आणि पुढं ५५ सीसीचं इंजिन. म्हणून यावेळी उडवण्याची घाई नाही. आठ महिन्यांतले निम्मे दिवस तपासण्यात गेलेत. इंजिनाच्या प्रत्येक बोल्टला स्क्रू पकडून ठेवणारा डिंक लावलाय, कारण पेट्रोल इंजिनाच्या थरथराटानं बोल्ट आपोआप सैल होतात. ठिणगीची बॅटरी वेगळी, रेडिओची वेगळी, आणि हातातल्या रिमोटवरून इंजिन बंद करायची सोय. वजनाचा मध्य बरोबर जागी यावा म्हणून बॅटरी चार वेळा पुढंमागं सरकवली. लिटरभर पेट्रोलमध्ये तीस मिली तेल मोजून घातलं. सरकारी नियम वाचले, आकाशाच्या नकाशात मोकळा भाग कुठला ते पाहिलं. हे सगळं तो एका शंभर पानी वहीत लिहितो आणि झालं की पेन्सिलीनं बरोबरची खूण करतो.

सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही विमान अंगणात नेऊन पूर्ण जोडलं. इंजिन बंद. दादा रिमोट घेऊन लांब उभा राहिला, पाठमोरा, विमान न बघता. बघायचं मी, विमानाच्या मागं उभं राहून. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी, मला यातलं काय कळणार, असं मी म्हणून पाहिलं. पण त्याला विमानातलं कळणारा माणूस नको होता. डावं-उजवं कळणारा हवा होता, आणि त्याला बरं वाटावं म्हणून खोटं न सांगणारा.

त्यानं दांडा उजवीकडं केला. उजव्या पंखाची पट्टी वर, डाव्याची खाली. बरोबर. डावीकडं केला. बरोबर. दांडा ओढला, शेपटीची आडवी पट्टी वर. बरोबर. मावशी चुलीपाशी बसून बघत होती. मग सुकाणू उजवीकडं. मी बघितलं, पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा बघितलं. सुकाणू डावीकडं जात होतं.

मी तसं सांगितलं. दादा काही बोलला नाही. रिमोटमध्ये एक बटण बदललं, परत केलं. यावेळी ते उजवीकडं गेलं. त्यानं ओसरीवरची वही उघडली, त्या ओळीपुढं खूण केली आणि शेजारी माझं नाव लिहिलं.

विमान अजून उडालेलं नाही.