श्वासाला कान देणारे डॉ. रेने लेनेक

रुग्णाची विचारपूस करून नाडी पाहावी, छातीवर बोटांनी ठोकून अंदाज घ्यावा, फार तर छातीला कान लावावा, एवढीच साधने एकेकाळी डॉक्टरांपाशी होती. ही उणीव भरून काढणारे फ्रेंच कॅथलिक डॉक्टर रेने लेनेक यांचे आज आम्ही कृतज्ञतेने स्मरण करीत आहोत.

त्यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी ब्रिटनी प्रांतात झाला. बालपणीच मातृछत्र हरपले. नांत शहरातील डॉक्टर काकांनी त्यांना वाढविले. १८०१ साली ते वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला गेले.

१८१६ साली नेकर रुग्णालयात असताना त्यांच्याकडे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी आली. स्थूलपणामुळे ठोकून काही कळेना आणि छातीला कान लावणे मर्यादेला धरून नव्हते. लेनेक यांनी कागदाची घट्ट सुरळी करून तिच्या छातीवर टेकविली. हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले! पुढे त्यांनी लाकडी नळी घडविली. हाच पहिला स्टेथोस्कोप.

जिवंतपणी ऐकलेला आवाज ते मृत्यूनंतर शवविच्छेदनाशी पडताळून पाहत. त्यातूनच १८१९ साली त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. क्षयरोग ओळखण्याची वाट त्यांनी दाखविली. मात्र त्याच रोगाने १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांना नेले. आपला स्टेथोस्कोप त्यांनी डॉक्टर चुलतभावाच्या हाती सोपविला.

आज तपासणीची यंत्रे अनेक आहेत. तरीही रुग्णाची लाज राखून त्याचे दुखणे लक्षपूर्वक ऐकणे, ही सेवेची पहिली पायरी आहे, असे आम्हांस वाटते.