वायरवाल्यांशी पंगा घेणारा मार्कोनी

बेसाच्या नव्या फ्लॅटमध्ये होम थिएटर आलं की घरात पहिलं भांडण ठरलेलं. पुढचे स्पीकर टीव्हीजवळ बसतात, पण सोफ्यामागच्या दोघांपर्यंत वायर न्यायची कशी? आईला टाइल्सवर वायर दिसायला नको. तुम्ही वायरलेसवर अडून बसलेले. दोस्तांनो, हाच वाद सव्वाशे वर्षांपूर्वी अख्ख्या समुद्रावरून पेटला होता आणि पेटवणारा पोरगा जेमतेम तुमच्याच वयाचा होता. नाव गुल्येल्मो मार्कोनी.

जन्म १८७४, इटलीतलं बोलोन्या. वडील जमीनदार, आई आयरिश. विद्यापीठाची पदवी नाही. १८९५ मध्ये त्यानं घराच्या माळ्यावरचे प्रयोग बाहेर शेतात आणले. टेकडीपलीकडे भाऊ अल्फोन्सो रिसीव्हरपाशी थांबला. सिग्नल आला की बंदुकीचा बार काढायचा, असं ठरलेलं. बार ऐकू आला. खरं सांगायचं तर त्या लहरी काही मार्कोनीनं शोधल्या नव्हत्या. त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी त्याच जातीच्या लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती. मार्कोनीकडे जास्तीचं होतं ते धंद्याचं डोकं.

आणि समोर कोण होतं, बघा. अटलांटिकच्या तळाशी १८६६ पासून केबल चालू होती. १८७० मध्ये मुंबईही समुद्री केबलनं जोडली गेली होती. १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर मार्कोनीनं पतंगाला बांधून एक लांब तार वर सोडली (बिनतारीलाही शेवटी तार लागलीच!) आणि इंग्लंडहून आलेले तीन टिंब, म्हणजे मोर्समधला एस, ऐकल्याचं जाहीर केलं. तिथली केबल कंपनी इतकी बिथरली, की मक्तेदारी दाखवत तिनं थेट कोर्टाची धमकी दिली. पठ्ठ्या सामान उचलून कॅनडात गेला. टिंबं ऐकणारे दोघंच, तो आणि त्याचा मदतनीस. त्यामुळे लोकांनी शंकाही घेतली. मग १९०२ मध्ये फिलाडेल्फिया जहाजावर त्यानं संदेश कागदी पट्टीवर उमटवूनच घेतले. तेव्हा नवंच कळलं: रात्री सिग्नल दिवसापेक्षा कितीतरी दूर जातो. केबलला असले नखरे नव्हते.

१९०९ मध्ये ब्राउनबरोबर नोबेल. १९१२ मध्ये टायटॅनिकवरून मदतीची हाक गेली ती मार्कोनी कंपनीच्याच ऑपरेटरांकडून. सातशेवर माणसं वाचली. पुढे तो मुसोलिनीच्या पक्षात गेला, तेही लपवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे ही लढाई १९२७ मध्ये पोचली. पुण्याजवळ खडकीला त्याच्या शॉर्टवेव्ह बीमचं प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि दौंडला ग्रहण केंद्र. दर केबलपेक्षा कमी, त्यामुळे केबलचं गिऱ्हाईक भराभर फुटू लागलं. पण रेडिओ संदेश कुणालाही चोरून ऐकता येतो, केबलचं तसं नाही. ब्रिटिश सरकारला केबल मरू देणं परवडणारं नव्हतं. १९२९ मध्ये दोन्ही धंदे एकाच कंपनीत आणले गेले. १९३४ मध्ये तिचं नावच झालं केबल अँड वायरलेस.

२० जुलै १९३७ ला मार्कोनी रोममध्ये वारला. त्याच्यासाठी ब्रिटनमधली रेडिओ केंद्रं दोन मिनिटं गप्प राहिली.

बाकी, वायरलेस स्पीकरला आवाज हवेतून मिळतो, वीज नाही. ऑर्डर देण्याआधी सोफ्यामागे प्लग पॉइंट आहे का, तेवढं बघून घ्या.